जावांची जोडी

आमच्या हॉलमध्ये बॅडमिंटनची तीन कोर्टं आहेत. खाली लाकडी जमीन, वर पत्र्याचं छप्पर, दाराशी माझं टेबल आणि टेबलावर वही. वहीत नाव नसेल तर मी कुणालाही आत सोडत नाही. याला मी शिस्त म्हणतो. लोक काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. चोवीस वर्षं ही जमीन मी पुसतोय. कुणाच्या बुटाचा डाग कुठे पडतो हे मला न बघता सांगता येतं. माणसांपेक्षा त्यांचे बूट मी जास्त चांगले ओळखतो, हे कबूल करायलाही माझी हरकत नाही.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी सहा ते सव्वासात, कोर्ट नंबर दोन, दोन बायका. सख्ख्या जावा. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. थोरली आता एकसष्टची आहे. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायचं काम तिने तेहतीस वर्षं उभ्याने केलं. समोर कापडाचे चाळीस थर, हातात खडू, आणि रेघ बोटभर चुकली तर चाळीस सदरे वाया. त्यामुळे बाईची नजर पक्की आणि बोलणं मोजकं. धाकटी तिच्याहून सहा वर्षांनी लहान. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे आणि शहरभर हिंडून लोकांच्या नळाचं पाणी बाटल्यांत भरून आणते. तिच्या तोंडाला कधी कुलूप नसतं. नळाशी बाटली धरल्या धरल्या घरातल्या चार माणसांची चौकशी करून मोकळी होते.

दोघी खेळायला लागल्या त्याला बावीस वर्षं झाली. पहिली अकरा वर्षं त्यांनी हॉल डोक्यावर घेतला होता. "माझं", "सोड", "घ्या की", "अगं मागे", "जाऊबाई, झोपलात का". एका रॅलीत दहा वाक्यं. थोरलीसारखी अबोल बाईसुद्धा कोर्टावर ओरडायची. शेजारच्या कोर्टवाल्यांनी माझ्याकडे तक्रारी केल्या आणि मी दोघींना दोनदा तंबी दिली. त्या तंबीचं मला पुढे वाईट वाटलं.

मग त्यांची सासू गेली. शेवटचे दोन महिने म्हातारी थोरल्या मुलाच्या घरी अंथरुणावर होती. धाकट्या मुलाचं म्हणणं, तिला मोठ्या हॉस्पिटलात आधीच हलवायला हवं होतं. थोरल्याचं म्हणणं, धाकट्याने हट्ट धरून हलवायला लावलं म्हणूनच ती वाटेत गेली. धाकटी त्या दिवशी कामावर होती. ती पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. दोघं भाऊ आपापल्या जागी खरे असतील किंवा दोघंही चुकले असतील, मी काही डॉक्टर नाही. पण त्या आठवड्यात दोघांनीही आपापल्या बायकोला शपथ घातली, की त्या घरातल्या माणसांशी एक शब्द बोलायचा नाही. फोन नाही, चिठ्ठी नाही, घरी जाणं-येणं नाही.

खेळायचं नाही असं मात्र दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. विसरले की मुद्दाम गाळलं कोण जाणे. माझा अंदाज, मुद्दाम. भाऊ हट्टी होते, पण आपली बायको कशावरून उखडेल हे दोघांनाही नीट माहीत होतं.

पुढच्या मंगळवारी सहाला दोघी आल्या. एकत्र नाही, पाच मिनिटांच्या अंतराने, आधी थोरली, मग धाकटी. वहीत सह्या केल्या, कोर्टावर गेल्या आणि खेळल्या. तोंडातून अक्षर नाही. निरोप द्यायचा असेल तर मी. थोरली माझ्या टेबलापाशी उभी राहून म्हणायची, "तिला सांगा, शुक्रवारी मला जमणार नाही." 'ती' दोन हातांच्या अंतरावर बसून बुटाची नाडी बांधत असायची. मी मान वळवून म्हणायचो, "शुक्रवारी त्यांना जमणार नाही." धाकटी म्हणायची, "बरं म्हणावं." मी पुन्हा मान वळवायचो, "बरं म्हणतात." असं अकरा वर्षं. हे काम माझ्या नेमणुकीच्या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही.

पहिल्या वर्षानंतर ती शपथ कुणी तपासत होतं असं मला वाटत नाही. पण तोवर प्रश्न शपथेचा उरला नव्हता, आधी कोण बोलणार याचा झाला होता. त्या घरात, बाहेरून आलेल्या सुना धरून, कमीपणा घेणारं माणूस नाही. धाकटी शहरातल्या यच्चयावत इमारतींत बाटल्या घेऊन चढते, पण थोरलीच्या इमारतीतलं पाणी आणायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवते. म्हणजे आठवड्यातून दोनदा, सव्वा-सव्वा तास, दोन नंबरचं कोर्ट. त्या दोघींचा एकमेकींशी संबंध उरला तो एवढाच.

न बोलता दुहेरी खेळणं सोपं नाही. धाकटी चपळ, म्हणून ती पुढे जाळीपाशी. थोरलीच्या मनगटात ताकद, म्हणून ती मागे. मागचीला पुढची दिसते, पण पुढचीला मागची दिसत नाही. डोक्यावरून शटल गेलं की घ्यायचं की सोडायचं, हे धाकटीला कळणार कसं? पहिली तीन वर्षं दोघी कुणाशीही हरत. कधी दोघी एकाच शटलवर धावून एकमेकींवर आदळत, कधी दोघी सोडत आणि शटल मधे पडे. एकदा थोरलीची रॅकेट धाकटीच्या भुवईवर बसली. रक्त आलं. थोरली धावत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तिला सांगा, चुकून लागलं." मी कापूस घेऊन गेलो आणि सांगितलं. धाकटी भुवई दाबून म्हणाली, "कळलं म्हणावं."

मग हळूहळू जमायला लागलं. चौथ्या वर्षापासून दोघी जिंकायला लागल्या. दातांचा डॉक्टर आणि त्याची बायको ही आमच्याकडची तगडी जोडी, तिलाही त्या लोळवायच्या. लोक म्हणायचे, सरावाने सगळं येतं. मीही तेच म्हणायचो.

त्याच सुमारास थोरलीचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. तेहतीस वर्षं उभं राहिल्याचं भाडं गुडघ्याने एकदम मागितलं. ती मागे जाताना उजवा पाय उचलेना, ओढायला लागली. त्या ओढण्याने माझ्या जमिनीवर राखाडी पट्टे पडायला लागले, दोन नंबरच्या मागच्या भागात. ओल्या फडक्याने ते डाग जात नाहीत. टेनिसचा जुना चेंडू घेऊन, गुडघ्यावर बसून घासावे लागतात. मी एकदा तिला म्हणालो, "बाई, पाय उचलून खेळा." ती म्हणाली, "उचलता आला असता तर ओढला असता का?" त्यानंतर मी गप्प बसून घासत राहिलो. सात वर्षं, मंगळवारी आणि शुक्रवारी.

शेवटी जिना चढणं अवघड झालं, तेव्हा ती शस्त्रक्रियेला तयार झाली. सांधाच बदलायचा होता. सर्जनने हाडांचा फोटो दाखवून समजावलं, की दोन हाडांमधे आता फट उरलेली नाही. तिने एकच प्रश्न विचारला, पुन्हा खेळता येईल का. तो म्हणाला, चालणं, पोहणं, सायकल बिनधास्त. बॅडमिंटन सात-आठ महिन्यांनी, तेही दुहेरी, उड्या नाहीत, एकटीने कोर्टभर पळणं नाही. ती म्हणाली, "मला दुहेरीच खेळायचंय." हे तिने मला सांगितलं ते वहीतून आपलं नाव तात्पुरतं काढायला आली तेव्हा. धाकटीचं नाव मात्र काढू नका म्हणाली.

शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून उभं केलं. आठवड्याने घरी आली, आणि मग दर मंगळवारी, शुक्रवारी साडेसहाला हॉलचा फोन वाजायला लागला. "तिला सांगा, साठ झाले." मी विचारलं, साठ काय? "गुडघा साठ अंश वाकला. नव्वद व्हायला हवा." मी दोन नंबरपाशी गेलो आणि म्हणालो, "साठ झाले." तेव्हा गुण सतरा-बारा होते. दातांच्या डॉक्टरने माझ्याकडे काळजीने बघितलं.

धाकटी तेव्हा चष्म्याच्या दुकानवालीबरोबर खेळत होती. चष्मेवाली बोलकी, पायाने चपळ. जोडी बरी जमली होती. फोन आला की धाकटी खेळ थांबवायची. "विचारा, दुखतं का?" मी फोनपाशी परत. "दुखतं का विचारतात." पलीकडून, "सांगा, नाही." ते खोटं होतं, आवाजावरूनच कळत होतं. मी धाकटीला सांगितलं, "थोडं दुखतं." निरोप्याने इतपत डोकं चालवायला हरकत नसावी. पुढे नव्वद झाले, एकशे दहा झाले, काठी सुटली, जिना आधाराशिवाय चढता यायला लागला. दर वेळी धाकटी मान डोलवायची आणि परत खेळायला जायची. एकदा मात्र ती सर्व्हिस करायला उभी राहिली आणि बराच वेळ शटल हातात धरून तशीच थांबली. चष्मेवालीने दोनदा हाक मारली तेव्हा भानावर आली.

आठ महिन्यांनी थोरली आली. दारातून टेबलापर्यंत ती सरळ चालत आली आणि मी क्षणभर तिला ओळखलं नाही. तिची चाल मला इतकी पाठ होती की दुसरीच कुणी बाई वाटली. गुडघ्यावर वीतभर लांब व्रण होता. "डॉक्टरने हो म्हटलंय," तिने वहीत सही करता करता सांगितलं. पाच मिनिटांनी धाकटी आली. तिने आधी गुडघा बघितला, मग चेहरा, मग खाली बसून नाडी बांधायला घेतली.

"तिला सांगा, मी आले," थोरली म्हणाली.

"आल्यात," मी म्हणालो.

"दिसतंय," धाकटी म्हणाली. तिची नाडी दोनदा सुटली.

त्या दिवशी दातांच्या डॉक्टरशी त्या एकवीस-नऊ, एकवीस-सात अशा हरल्या. आठ महिन्यांची विश्रांती, सगळे म्हणाले, होईल हळूहळू. पण हळूहळू झालं नाही. दर वेळी तेच. शटल मागे गेलं की धाकटी अर्धी वळायची, अडखळायची, कधी उगाच मागे धावून थोरलीच्या अंगावर जायची, कधी समोरचं सोडून द्यायची. थोरली आता कोर्टाच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत आरामात पोचत होती, आणि जिथे ती पोचायची तिथे धाकटी आधीच हजर असायची. रॅकेटवर रॅकेट आपटल्याचा आवाज मी टेबलावर बसून मोजायचो.

एका शुक्रवारी धाकटीला कामावरून बोलावणं आलं, कुठल्या तरी टाकीचं पाणी बिघडलं होतं. थोरली चष्मेवालीबरोबर खेळली आणि दोघी सरळ जिंकल्या. थोरली सुंदर खेळली. पाय हलका पडत होता, फटका पूर्वीपेक्षा जोरात जात होता. म्हणजे खेळ गेला नव्हता. धाकटीचाही गेला नव्हता. चष्मेवालीबरोबर ती आठ महिने जिंकत होती. फक्त दोघी एकत्र आल्या की बट्ट्याबोळ. चष्मेवाली जाताना मला म्हणाली, "वाईट वाटतं हो, पण यांनी आता जोडी मोडावी."

थोरलीने ते ऐकलं असावं. सगळे गेल्यावर ती टेबलाशी आली. "तिला सांगा, चष्मेवालीबरोबर खेळ. माझ्यासाठी अडकून पडू नकोस. पुढच्या महिन्यापासून वहीत तसं लिहून टाका."

"आणि तुम्ही?"

"मी बघीन दुसरा वार."

ती हे कापड बेततानाच्या आवाजात म्हणाली, पण तिला काय म्हणायचंय ते मला कळत होतं. मंगळवार-शुक्रवार गेले की त्या दोघी एकमेकींना रस्त्यात दिसतील तेवढ्याच. तिलाही ते कळत होतं, म्हणूनच ती पेन उघडत-मिटत उभी होती. मी निरोप पोचवला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी मी जमीन पुसायला घेतली. एक नंबर झालं, दोन नंबरवर आलो आणि फडकं फिरवून पुढे निघालो. तीन नंबरच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं, की दोन नंबरवर मी खाली बसलोच नव्हतो. टेनिसचा चेंडू ड्रॉवरमधेच होता. थोरली येऊन दीड महिना झाला होता आणि मला एकदाही तो काढावा लागला नव्हता. मागचा भाग आरशासारखा स्वच्छ.

मग मी तिथेच बसलो आणि गणित मांडलं. या दोघींचं जमायला लागलं ते थोरलीचा पाय घासायला लागला तेव्हापासून. धाकटीला मागची दिसत नव्हती, पण ऐकू येत होती. घासण्याचा आवाज उजवीकडून आला की थोरली उजवीकडे, थांबला की ती पोचली. सात वर्षं धाकटी तिच्या दुखण्यावर कान लावून खेळत होती, आणि बहुधा तिलाही हे ठाऊक नव्हतं. आता गुडघा बरा झाला, पाय उचलला जायला लागला, आवाज बंद झाला. मागे कुणी आहे की नाही, हेच धाकटीला कळेनासं झालं.

मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. ते तसंच मनात ठेवलं असतं तर बरं झालं असतं. मंगळवारी थोरली आली आणि धाकटी यायच्या आधीच्या पाच मिनिटांत मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे तिला सांगू नका."

"का? साधी गोष्ट आहे. तुम्ही नुसतं 'माझं' म्हणालात तरी पुरे."

"तिला वाटेल, मी तिला आधी बोलायला लावतेय."

"मग तुम्ही आधी बोला."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी वही उघडली.

त्या दिवशी खेळ सुरू झाला. दुसऱ्याच रॅलीत शटल मागे गेलं आणि माझ्या कानांवर तो आवाज आला. चर्र. मी मान वर केली. थोरली उजवा पाय ओढत मागे जात होती. चांगला, सरळ, वाकणारा पाय. धाकटीने मागे न बघता डावीकडे जागा घेतली आणि गुण मिळाला. त्या दिवशी त्या तीन गेमपर्यंत लढल्या आणि जिंकल्या. संध्याकाळी मी चेंडू काढला आणि गुडघ्यावर बसून डाग घासले. घासताना मला बरं वाटत नव्हतं, पण त्या जिंकल्या होत्या आणि जोडी मोडायचा निरोप आता पोचवायची गरज नव्हती, म्हणून मी गप्प राहिलो.

महिनाभर तसंच चाललं. थोरलीला व्यायाम शिकवायला जी मुलगी येते ती म्हणाली, तुमची चाल सुधारली होती ती परत बिघडतेय, तुम्ही करता तरी काय? थोरलीने हे मला हसत सांगितलं. हसण्यासारखं त्यात मला काही दिसलं नाही. मी म्हणालो, "पुरे करा आता." ती म्हणाली, "जमिनीची एवढी काळजी असेल तर चेंडू मला द्या, मी घासून देते."

आणि धाकटी? जिंकत होती, पण तिचा चेहरा उतरत चालला होता. एक दिवस टेबलापाशी येऊन म्हणाली, "विचारा त्यांना, डॉक्टरकडे परत कधी जाणार?" मी विचारलं. थोरली म्हणाली, "सांगा, काही झालेलं नाही." धाकटीने ते मी सांगायच्या आधीच ऐकलं होतं. ती रॅकेट घेऊन निघून गेली. तिला काय वाटत होतं ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. शस्त्रक्रिया फसली, पाय पुन्हा गेला आणि ही बाई लपवतेय, असं तिने धरून चाललं होतं. जिंकताना ऐकू येणारा प्रत्येक चर्र तिला टोचत होता.

नंतरचा मंगळवार. दातांचा डॉक्टर आणि त्याची बायको समोर, तिसरा गेम, सतरा-सतरा. डॉक्टरने शटल उंच, उजव्या कोपऱ्यात टाकलं. थोरली पाय ओढत निघाली. चर्र सुरू झाला आणि मधेच थांबला. ओढलेल्या पायाचा चवडा जमिनीला अडकला होता. ती हातांवर आणि डाव्या गुडघ्यावर पडली. धाकटीची पाठ होती, तिने पाहिलं काहीच नाही. आवाज तुटला तेवढं ऐकलं आणि ती वळली.

"जाऊबाई," ती म्हणाली.

मोठ्याने नाही म्हणाली. तीन नंबरवाले खेळतच राहिले, त्यांना काय माहीत. दातांच्या डॉक्टरच्या बायकोने मात्र रॅकेट खाली ठेवली. मी उठलो होतो तो तसाच उभा राहिलो.

धाकटीने तिला काखेत हात घालून उठवलं आणि माझ्या टेबलाजवळच्या बाकावर आणून बसवलं. दातांच्या डॉक्टरने गुडघे दाबून बघितले, आणि हे आपलं क्षेत्र नाही पण ठीक वाटतंय असं सांगून तो बाजूला झाला. धाकटी तिच्यासमोर जमिनीवर बसली. तिचे दोन्ही हात थोरलीच्या नव्या गुडघ्यावर होते.

"परत गेला ना पाय?"

थोरलीने माझ्याकडे बघितलं. सवय, दुसरं काय. उत्तर माझ्याकडे द्यायचं आणि मी ते पुढे द्यायचं. मी वहीत डोकं घातलं.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "पाय चांगला आहे."

"मग महिनाभर ओढताय कशाला?"

"मुद्दाम."

"मुद्दाम म्हणजे?"

"तुला ऐकू यावं म्हणून. मी मागे कुठे आहे ते. त्याशिवाय तुला कळत नव्हतं."

धाकटीला समजायला वेळ लागला. ती एकदा कोर्टाकडे बघायची, एकदा पायाकडे. मग तिला राग आला. तिचा राग मी पूर्वी पाहिला होता, हा तसा नव्हता.

"एवढं फाडून घेतलंत, आठ महिने काढलेत. आणि बरा झालेला पाय माझ्यासाठी परत लंगडा केलात? मला सांगायचं ना."

"कसं सांगणार?" थोरली म्हणाली.

धाकटी उठून बाकावर थोरलीच्या शेजारी बसली आणि ओढणीने नाक पुसलं. दोघी समोरच्या रिकाम्या कोर्टाकडे बघत बसल्या.

"आता सांगा," धाकटी म्हणाली.

"काय?"

"सगळंच. मी आठ महिने यांच्या तोंडून ऐकतेय. साठ झाले, नव्वद झाले. मला त्यातून काय कळणार?"

थोरलीने मांडीवरचा हात उचलला आणि परत ठेवला. ती गुडघ्यापासून सुरुवात करेल असं मला वाटलं होतं. हॉस्पिटल, वॉकर, टाके.

"त्या दिवशी सासूबाईंना खाली नेत होते," ती म्हणाली, "तेव्हा त्या तुझ्याबद्दल विचारत होत्या. जिन्यात दोनदा विचारलं. ती आली का म्हणून. मी म्हटलं, येतेय, निघालीय."

धाकटीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मला वाटत होतं, त्यांनी माझी आठवणसुद्धा काढली नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं हेच वाटत होतं."

"मला माहीत होतं तुला काय वाटत असेल ते," थोरली म्हणाली. "तरी नाही सांगितलं."

धाकटी आता उठून जाईल असं मला वाटलं. ती गेली नाही.